गाडी एक, माणसं सहा: डिस्नेचं महागडं हॉटेल घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्युस्टनचं कुटुंब, नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. जूनमध्ये ५ रात्री ऑरलँडोला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड बघायचंय. बायकोचं मन पॉलिनेशियन या डिस्नेच्या हॉटेलवर बसलंय, तिथे दोन खोल्या घ्याव्या लागतायत आणि टॅक्ससकट कोटेशन आलंय ९,३०० डॉलर. ऑरलँडोजवळच्या किसिमी गावात स्विमिंग पूलवालं तीन बेडरूमचं घर तेवढ्याच रात्रींना १,७०० मध्ये मिळतंय. बाबांचे गुडघे दुखतात, आईंना शुद्ध शाकाहारी लागतं. आणि प्रश्नाचं शेवटचं वाक्य होतं, "एवढ्या पैशात काय सोन्याची कॉट देतात का?"

कॉट साधीच असते, चादर मात्र पांढरीशुभ्र.

मी टँपाला राहते आणि गेली अकरा वर्षं लोकांच्या ऑरलँडोच्या ट्रिपा आखून देते, त्यात निम्म्याहून जास्त आपली मराठी-गुजराती कुटुंबं, आणि त्यातल्या बऱ्याच ट्रिपांमध्ये आजी-आजोबा असतातच. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, डिस्नेच्या बुकिंगवर एजंटला टक्केवारीने कमिशन मिळतं, म्हणजे तुम्ही ९,३०० वालं घेतलंत तर माझ्यासारखीचं भलंच होतं, तेव्हा पुढचं वाचताना हे हिशोबात धरा.

आता बघा, तुम्ही ९,३०० विरुद्ध १,७०० असा हिशोब मांडलाय पण तो पूर्ण नाहीये. किसिमीला राहिलात तर सहाजणांसाठी सात सीटरची व्हॅन भाड्याने लागणार, त्याचे पाचेकशे डॉलर तरी धरा, शिवाय पार्कचं पार्किंग रोजचं साधारण ३० डॉलर, पेट्रोल, टोल. डिस्नेच्या हॉटेलात राहिलं की गाडी लागतच नाही, बस, मोनोरेल, बोटी सगळं फुकट (एअरपोर्टवरून आणायची जी फुकट बस होती ती मात्र २०२२ मध्ये बंद झाली, तिथले पैसे धराच). म्हणजे खरा फरक सात हजाराच्या आतबाहेर येतो. तरी पण सात हजार म्हणजे सात हजार, रात्रीला चौदाशे डॉलर! तेवढ्यात मिळतं काय?

मिळते ती जागा. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे साधारण १०० चौरस किलोमीटरचा पसारा, त्यात चार पार्कं एकमेकांपासून मैलोन्‌मैल लांब. मॅजिक किंगडम, म्हणजे तो किल्लावाला पार्क, मुद्दाम तळ्यापलीकडे बांधलाय, बाहेरून गाडी घेऊन येणाऱ्याला तो दारात उतरूच देत नाही. आधी तळ्याच्या अलीकडे भल्यामोठ्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, तिथून तिकीट सेंटरला यायचं, मग फेरीबोट नाहीतर मोनोरेल धरून पलीकडे. गाडी बंद केल्यापासून गेटात पाय टाकेपर्यंत ४०-४५ मिनिटं मी नेहमी धरते, गर्दी असली तर तास. पॉलिनेशियन आणि कंटेम्पररी ही दोन हॉटेलं पार्कबरोबरच १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झाली, त्यामुळे तळ्याकाठच्या मोक्याच्या जागा त्यांनी पटकावल्या, ग्रँड फ्लोरिडियन १९८८ मध्ये आलं. या तिघांना मोनोरेल जोडलेली आहे, कंटेम्पररीहून तर दहा मिनिटांत चालत गेट. आषाढीला पंढरपुरात देवळाजवळच्या खोलीला लोक काय भाव देतात ते सांगलीच्या माणसाला मी काय सांगणार, हेही तसंच आहे.

पण देवळाजवळची खोली ज्याला दिवसातून दोनतीनदा खोलीवर यायचंय त्यालाच परवडते. जो पहाटे रांगेत उभा राहून रात्री परत येणार त्याला बायपासवरचा लॉजही चालतो. मी लोकांना पहिला प्रश्न हाच विचारते की तुम्ही दुपारी परत येणार का? नीट विचार करून सांगा, "बघू तेव्हा" हे उत्तर मी नाही असंच धरते.

आमच्या पहिल्या ट्रिपची गोष्ट सांगते, तेव्हा मी या धंद्यात नव्हते. हौसेने असंच एक महागडं हॉटेल घेतलं होतं, नाव कशाला सांगू, वाळूचा किनारा, झोपाळे, पुलावर घसरगुंडी, सगळं होतं. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून रोज सकाळी आठला बाहेर आणि रात्री अकराला आत. चार दिवसांत आम्ही तो पूल पाहिला तो रात्रीच्या दिव्यात, बंद झालेला. चेकआऊटच्या दिवशी सकाळी लेकीने विचारलं की आता पोहायला जायचं का, तेव्हा बॅगा लॉबीत आल्या होत्या. यात हॉटेलची काही चूक नव्हती हो, आमचंच गणित चुकलं होतं.

जूनमध्ये दुपारी परत यायलाच हवं, हे मी तुम्हाला आत्ताच सांगते. फ्लोरिडाचा जून म्हणजे मुंबईचा मे आणि जून एकत्र, सकाळी घामाच्या धारा आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला गडगडाट करून पाऊस. ४ वर्षांचं पोर आणि ७० च्या आसपासचे आजोबा या हवेत सलग बारा तास काढू शकत नाहीत. सकाळी साडेआठ ते साडेबारा पार्क, मग खोलीवर जेवण-झोप-पूल, पाचला परत पार्क, हा दिवस जमला तर ट्रिप जमली. किसिमीहून हे होत नाही, कारण जाऊन-येऊन अडीच तास जातात आणि एकदा घरी जाऊन सोफ्यावर टेकलेला माणूस परत उठत नाही (विशेषतः बाबा लोक, टीव्ही लावला की संपलं).

पण तुमच्या बाबतीत याहून मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती कोटेशनमध्ये दिसत नाही. किसिमीला राहिलं की गाडी एक आणि माणसं सहा. प्रत्येकाची दमायची वेळ वेगळी. मुलगा एक वाजता रडायला लागणार, बाबा बारालाच "तुम्ही बघा, मी इथे बाकावर बसतो" म्हणणार, मुलीला अजून दोन राईड करायच्यात, आणि गाडी चालवणारे तुम्ही एकटे. मग होतं काय, एकतर सगळे सहाच्या सहा परत येतात आणि मुलगी रुसते, नाहीतर कोणीच येत नाही आणि बाबा चार तास सावलीचा बाक शोधत बसतात आणि कोणाला काही बोलत नाहीत. आपल्याकडची मोठी माणसं "मला त्रास होतोय" असं कधी म्हणतच नाहीत ना! मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता हॉटेल सुचवताना माझी कसोटी एकच असते, ज्यांना इथे गाडी चालवता येत नाही ते आजी-आजोबा कोणाला न सांगता, न घेता, आपले आपण खोलीवर परत जाऊ शकतात का? जाऊ शकत असतील तर ते हॉटेल तुमच्या कामाचं.

पॉलिनेशियनला ते होतं यात वादच नाही. मोनोरेलमध्ये बसायचं, आपलं स्टेशन आलं की उतरायचं, दादर-ठाणे केलेल्या माणसाला ते अवघड नाही. पण तेच काम त्याहून खूप स्वस्तात सुद्धा होतं, तिकडे येते.

त्याआधी एक गैरसमज काढते. लोकांना वाटतं की महागड्या हॉटेलवाल्यांना पार्कमध्ये वेगळी वागणूक मिळते. तसं फारसं नाहीये. रोज कुठल्याही पार्कात अर्धा तास आधी सोडतात, ती सवलत डिस्नेच्या सगळ्या हॉटेलांना आहे, अगदी स्वस्तातल्या ऑल-स्टारला पण. लायटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेत घुसायची सोय, ती हॉटेलवाल्यांना मुक्काम सुरू व्हायच्या ७ दिवस आधी बुक करता येते आणि बाहेरच्यांना ३ दिवस आधी, तेही सगळ्या हॉटेलांना सारखंच. फक्त डिलक्स, म्हणजे महागड्या गटातल्या हॉटेलवाल्यांना मिळणारी मोठी गोष्ट एकच, ठराविक रात्री एखादा पार्क बंद झाल्यावर त्यांच्यासाठी दोन तास जास्त उघडा ठेवतात. कॉलेजातल्या पोरांना किंवा नुसत्या जोडप्याला हे सोनं आहे, रांगाच नसतात, पण ४ वर्षांचा मुलगा असलेल्या घराला रात्री अकरानंतरच्या दोन तासांचा काय उपयोग ते तुम्हीच सांगा.

बाकी खोली मोठी असते, हे खरं. पॉलिनेशियनची ४१५ चौरस फूट, स्वस्तातल्या व्हॅल्यू हॉटेलची २६०. पण त्या ४१५ मध्ये पाचच जण धरतात, सहावा चालत नाही, म्हणून तर तुम्हाला दोन खोल्यांचं कोटेशन आलंय. तुमचा अर्धा खर्च ऐषारामाचा नाहीये, सहाव्या माणसाचा आहे!

म्हणून मी तुम्हाला आर्ट ऑफ ॲनिमेशन बघा म्हणते. गटाने ते व्हॅल्यू हॉटेल आहे पण त्यात फॅमिली सूट आहेत, ५६५ चौरस फूट, सहाजण झोपतात, छोटा फ्रीज, मायक्रोवेव्ह, आणि मुख्य म्हणजे दोन बाथरूम. सकाळी साडेसातला निघायचं असताना सहा मराठी माणसं आणि एक बाथरूम हे चित्र डोळ्यासमोर आणा, मग दुसऱ्या बाथरूमची किंमत कळेल. सूटचा भाव तारखेप्रमाणे बराच हलतो, पण मी बघते त्यात रात्रीला साधारण पाचशे ते सातशेत बसतो, त्यावर साडेबारा टक्के टॅक्स. दोनपेक्षा जास्त मोठी माणसं असली की प्रत्येकामागे रात्रीला थोडे ज्यादा लावतात, ते विचारून घ्या. तरी तुमच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमीच येईल.

आणि तिथून स्कायलायनर आहे, म्हणजे रोपवे, सप्टेंबर २०१९ पासून चालू झालाय. हॉटेलच्या तळ्यावरून बसायचं, कॅरिबियन बीच या हॉटेलाशी डबा बदलायचा आणि एपकॉट नाहीतर हॉलिवूड स्टुडिओज या पार्कात उतरायचं. रायगडचा रोपवे केलेल्या आईंना तो अगदीच सपाट वाटेल. डब्यात एसी नाहीये पण चालू असताना वारा लागतो. ४ वर्षांचा मुलगा स्ट्रोलरमध्ये झोपला असेल तर तसाच्या तसा आत ढकलता येतो. बसमध्ये स्ट्रोलर मिटावा लागतो, म्हणजे रात्री साडेदहाला फटाके संपल्यावर बसच्या रांगेत एका खांद्यावर झोपलेलं पोर, दुसऱ्या हाताने स्ट्रोलर मिटायचा, त्याच्या खालच्या जाळीतल्या पाण्याच्या बाटल्या रस्त्यावर गडगडतायत आणि मागचे लोक सभ्यपणे वाट बघतायत. हे मी केलंय.

स्कायलायनरची खोट पण सांगते, वीज चमकायला लागली की तो बंद करतात, मग बस धरावी लागते, आणि जूनमध्ये दुपारी हे होतंच. शिवाय मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडमला तो जात नाही, तिथे बसच. म्हणजे बाबांना आदल्या दिवशी बसस्टँड नुसता दाखवून आणा, कुठल्या पाटीखाली उभं राहायचं ते एकदा कळलं की ते एकटे जातात, आणि मग त्यांनाच त्याचं केवढं अप्रूप असतं!

पण बायकोचं काय? तिची हौस मला मोडायची नाहीये, आणि खरं सांगू का, ती हौस खोटी पण नाहीये. संध्याकाळी पॉलिनेशियनच्या वाळूत बसून तळ्यापलीकडे किल्ल्यावरची आतषबाजी बघणं, पायात चपला नाहीत, मुलं वाळूत खेळतायत, धक्काबुक्की नाही, हे फार छान असतं. फक्त त्यासाठी पाच रात्री कशाला? पहिल्या तीन रात्री सूट आणि शेवटच्या दोन रात्री पॉलिनेशियनला दोन खोल्या, आणि मॅजिक किंगडमचे दोन्ही दिवस त्या दोन रात्रींना लावा, असं करता येतं. सामान डिस्नेचेच लोक एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात नेऊन ठेवतात, तुम्ही सकाळी बॅगा देऊन पार्कात निघून जायचं. डिलक्स हॉटेलचे पैसे जिथे वसूल होतात तिथेच भरायचे.

आता अपवाद. असं एक हॉटेल आहे की जिथे मी जागेचा हिशोब बाजूला ठेवते, ते म्हणजे ॲनिमल किंगडम लॉज. २००१ मध्ये सुरू झालं. जागा वाईट, चारी पार्कांना फक्त बस, कॉरिडॉर इतके लांब की बाबांच्या गुडघ्यांसाठी लॉबीजवळची खोली आधीच मागून ठेवायला लागते. पण सवानाकडे, म्हणजे जनावरांच्या गवताळ मैदानाकडे, तोंड असलेली खोली घेतली तर बाल्कनीखाली जिराफ आणि झेब्रे फिरत असतात. माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या तेव्हा पहाटे साडेसहाला शाल गुंडाळून, कपभर चहा घेऊन बाल्कनीत बसल्या आणि नऊपर्यंत हलल्या नाहीत, आत येऊन म्हणाल्या की तो कान तुटका जिराफ कालपासून दोनदा येऊन गेला. पार्कातलं त्यांना नंतर काहीच आठवत नव्हतं, तो जिराफ आठवत होता. तिथे हॉटेल हाच कार्यक्रम आहे, म्हणून तिथे राहायचं असेल तर एक दिवस पार्कचं तिकीट न काढता राहा. आणि सवानाची खोली नसेल तर घेऊच नका, पार्किंगकडे तोंड करून बसायला एवढे पैसे कशाला?

आणि राहायचं नसलं तरी तिथे जाता येतं, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. त्याच्या किडानी व्हिलेज भागात साना नावाचं रेस्टॉरंट आहे, आफ्रिकन स्वयंपाक आणि त्याला आपल्याकडचा मसाला, खिडकीबाहेर जनावरं. त्यांची ब्रेड सर्व्हिस मागवा, नान, कुलचे असे प्रकार आणि सोबत नऊ वाट्यांमध्ये चटण्या, रायतं, लोणचं. आईंचं जेवण तिथे व्यवस्थित होईल, चार दिवस पिझ्झा-फ्राईजवर काढल्यावर तर त्या आशीर्वादच देतील. उजेड असतानाची वेळ घ्या, काळोखात जिराफ दिसत नाहीत.

किडानीला किचन, वॉशिंग मशीनवाले मोठे व्हिला पण आहेत, दोन बेडरूमचा व्हिला नऊ जणांना पुरतो. डिस्नेच्या टाइमशेअरवाल्यांकडून, म्हणजे दरवर्षीच्या मुक्कामाचा हक्क आधीच विकत घेतलेल्या लोकांकडून, त्यांचे पॉइंट भाड्याने घेऊन ते बरेच स्वस्तात मिळू शकतात, पण असं बुकिंग बहुतेक वेळा रद्द करता येत नाही, पैसे गेले ते गेले. आई-बाबांचं व्हिसा-तिकीट-तब्येत असं सगळं ज्या ट्रिपमध्ये आहे तिथे मी हा धोका घ्यायला सांगत नाही. तुमचे आई-बाबा तर आधीच इथे आलेत, त्यामुळे तुमचं जमू शकेल, तुम्हीच ठरवा.

ज्यांच्याकडे मॅरियट या हॉटेल कंपनीचे पॉइंट पडून आहेत (आयटीतल्या फिरत्या नोकरीवाल्यांकडे असतातच) त्यांनी स्वान आणि डॉल्फिन बघावं. ही हॉटेलं डिस्नेच्या आवारात आहेत पण मॅरियटकडे आहेत, एपकॉट चालत, लवकर प्रवेश मिळतो आणि डिलक्सवाले रात्रीचे जादा तास पण. रिसॉर्ट फी आणि पार्किंग वेगळं लागतं, ते धरून हिशोब करा.

एक दिवस युनिव्हर्सलला (ऑरलँडोतलीच, पण डिस्नेची नसलेली पार्कं) जायचा विचार असेल तर तिथलं गणित मात्र अगदी उलटं आहे. तिथल्या तीन महाग हॉटेलांत, म्हणजे पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, खोलीतल्या प्रत्येक माणसाला एक्सप्रेस पास फुकट मिळतो, रांग टाळून कितीही वेळा. तो पास वेगळा घेतला तर गर्दीच्या दिवसांत माणशी रोजचे दीडशे-दोनशे डॉलर सहज जातात. आणि तो चेकइनच्या आणि चेकआऊटच्या अशा दोन्ही दिवशी चालतो, म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात चौघांचे दोन दिवसांचे पास. पाचशेची खोली आणि हजाराच्या वरचे पास, याला म्हणतात पैसे वसूल! फक्त हा पास युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोनच पार्कांत चालतो, मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्समध्ये नाही, आणि बरेच लोक नेमके एपिकसाठी ही हॉटेलं बुक करून बसतात.

तर तुमच्यासाठी, आई-बाबा आणि लहान मुलगा धरून, तीन रात्री सूट अधिक दोन रात्री पॉलिनेशियन, किंवा बजेट ताणायचं नसेल तर पाचही रात्री सूट. हेच तुम्ही दोघंच असतात तर मी वेगळं सांगितलं असतं, मुलं बारा-चौदाची असती तर अजून वेगळं, आणि बरोबर आणखी एखादं कुटुंब असतं आणि गाड्या दोन असत्या तर किसिमीच्या घराला मी लगेच हो म्हटलं असतं, तिथे कुकर लावता येतो, संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसता येतं, त्याची मजा कुठल्याच हॉटेलात नाही.

बुक करताना फक्त-रूम असं बुकिंग करा, एका रात्रीचं डिपॉझिट घेतात आणि आठवडाभर आधीपर्यंत रद्द केलं तर परत मिळतं. पोचायच्या दिवशी पार्कचं तिकीट काढू नका, त्या दिवशी पूल. सानाचं टेबल ६० दिवस आधी उघडतं, सकाळी उठल्याउठल्या बघा. आणि बाबा कितीही नको म्हणाले तरी पार्कच्या गेटावर व्हीलचेअर भाड्याने घ्या, त्यांना सांगा की नातवाला मांडीवर बसवायला हवीय, मग बसतात.